हाड मनगटाचं, दोष तोलाचा

साताऱ्यात पाऊस धरून लागला की अंगणातल्या फरशीवर शेवाळ चढतं, आणि साठीच्या आसपासच्या बायका एका हाताने दुसरं मनगट धरून दवाखान्यात येऊ लागतात. निदान घरीच झालेलं असतं: 'कॅल्शियम कमी पडलं.' गोळ्या सुरू होतात, कुणी तांब्याचं कडं आणून देतं (त्याने हाड जुळत नाही, कातडी तेवढी हिरवी होते), पण बाई पडली कशी हे कुणी विचारत नाही.

हाडाचं आधी उरकतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींना मागे टाकतात. मनगटाशी रेडियसच्या (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या) टोकाला आत जाळीदार हाड, वर पातळ कवच; झीज तिथे लवकर भोवते. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी हे फ्रॅक्चर १८१४ सालीच वर्णन केलं. एक्स-रे यायला तेव्हा ८१ वर्षं होती!

आता तोल. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतल्या नसा अशा तीन वाटांनी मेंदूला खबर जाते. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं सांगतात. शेजारच्या दोन पिशव्यांत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. डोकं कललं की स्फटिकांच्या वजनाने तो थर सरकतो, खालच्या पेशींचे केस वाकतात आणि 'खाली' कुठे ते मेंदूला कळतं. हेच स्फटिक सुटून नलिकेत शिरले तर कूस बदलताना घर गरगरतं. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागी आणतात. दृष्ट काढायची गरज नसते.

एक वाट अडली तर बाकीच्या दोन निभावून नेतात. पण मधुमेहाने तळपाय बधिर झालेत आणि साबण लावून डोळे मिटले, तर उरतो एकटा कान. पायांची जाणीव गेलेले रुग्ण तोंड धुताना तोल जाऊन पडतात, हे एकोणिसाव्या शतकातच जर्मनीत डॉक्टर रोमबर्ग यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे वर मोरीची ओली शहाबादी फरशी.

गंमत अशी की मनगट मोडून घेणारी बाई बऱ्यापैकी चपळ असते. एका सेकंदाच्या आत हात पुढे जातो, म्हणून मार हातावर निभावतो. पुढे पंचाहत्तरीनंतर हात वेळेत निघत नाही आणि खुबा मोडतो. म्हणून प्लॅस्टर निघाल्यावर डेक्सा स्कॅनबरोबर (हाडाची घनता मोजणारी तपासणी) डोळे, तळपाय आणि रक्तदाबाच्या गोळ्याही तपासून घ्या. उठल्यावर अंधारी येते का, तेही सांगा. आणि कुणी पडलंच, तर सूज चढायच्या आत त्या हातातल्या बांगड्या उतरवा, नाहीतर त्या कापाव्या लागतात.