कप्प्यांचा सायलेन्सर की आरपार नळीचा?

ट्रकचा सायलेन्सर गंजून फुटला की बदली म्हणून दोन डबे समोर येतात. दोन्ही लंबगोल, दोन्हींची तोंडं त्याच व्यासाची, लांबीही जवळपास सारखी. विकणारा एवढंच म्हणतो की यातला एक जरा ‘मोकळा’ आहे. दोन्ही तोंडं एका रेषेत असतील तर एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने डोकावायचं. उजेड थेट दिसला तर तो आरपार नळीचा, नाही दिसला तर बहुधा कप्प्यांचा. खरा फरक मात्र दोघे आवाज कशा रीतीने मारतात, यात आहे.

कप्प्यांच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याच्या आडव्या भिंती असतात आणि त्यांनी पाडलेले लहानमोठे कप्पे. धूर एका कप्प्यातून वळून दुसऱ्यात जातो, कधी उलटा फिरून तिसऱ्यात. आवाजाची लहर भिंतीवर आपटून मागे येते आणि मागून येणाऱ्या लहरीला भिडते. एकीचा दाब चढत असताना दुसरीचा उतरत असेल, तर दोघी एकमेकींना खोडून काढतात. कोणता सूर खोडला जाईल हे कप्प्यांच्या मापावर ठरतं. म्हणून हा डबा ज्या इंजिनासाठी बनवला, त्याच्यावरच तो नीट काम करतो.

आरपार नळीच्या सायलेन्सरमध्ये धुराला वळणच नाही. छिद्रांची सरळ नळी, भोवती दाबून भरलेलं ग्लासवूल किंवा बेसाल्टचे धागे, बस. आवाज छिद्रांतून त्या लोकरीत शिरतो आणि घर्षणाने त्याची उष्णता होते.

आता थोडा हिशेब, कारण निवड यावरच ठरते. सहा सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर फेऱ्याला तीनदा पेटतं. १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांना, सेकंदाला ७५ ठोके, म्हणजे ७५ हर्ट्झचा खर्ज. सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात आवाज सेकंदाला साधारण ५२० मीटर धावतो. म्हणजे या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर. चार-पाच सेंटिमीटरचा लोकरीचा थर तिला काय अडवणार? दोन हजार हर्ट्झच्या कर्कश आवाजाची लहर मात्र पाव मीटरच्या आसपास असते, ती लोकर सहज गिळते. आरपार सायलेन्सर फाटका, चिरका आवाज काढून टाकतो आणि घुमणारा खर्ज बराचसा मागे ठेवतो, तो यामुळे. आणि माल भरलेला ट्रक नेमका त्याच खर्जात, एकाच आरपीएमला, तासन्‌तास चालतो! पहिल्या दिवशी भारदस्त वाटणारा आवाज लांबच्या पल्ल्यावर केबिनमध्ये डोकं उठवतो.

‘इंजिनाला थोडा बॅकप्रेशर लागतोच’ असंही ऐकू येतं. बॅकप्रेशर म्हणजे धूर बाहेर पडताना अडल्यामुळे इंजिनावर येणारा मागचा दाब. नाही लागत. पाइप गरजेपेक्षा रुंद केल्यावर धुराचा वेग पडतो, काही इंजिनांत त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ कमी होते, आणि त्याचा दोष बॅकप्रेशर कमी होण्यावर ढकलला जातो. टर्बो डिझेलला तर मागचा दाब जितका कमी तितकं बरं. तो वाढला की एक्झॉस्टचं तापमान आणि इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. तरीही मूळ सायलेन्सर कंपनीने इंजिनाच्या मर्यादेत बसवूनच दिलेला असतो, त्यामुळे बाकी काही न बदलता फक्त डबा ‘मोकळा’ केल्याने हाती लागतो तो मुख्यतः आवाज. रोज माल वाहणाऱ्या ट्रकला मी कप्प्यांचाच सुचवेन. आरपारची लोकर कालांतराने जळून, उडून जाते आणि आवाज हळूहळू चढत जातो, हेही आहेच.

गंजाचा शत्रू दोघांना एकच. एक लिटर इंधन जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते वाफ होऊन निघून जातं, छोट्या फेऱ्यांत थंड डब्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. तळाशी पाणी निघायला बारीक भोक असेल तर ते बुजवू नका.

खरेदीआधी एक खात्री करायलाच हवी. नव्या डिझेल ट्रकवर सायलेन्सरसारखा दिसणारा डबा पुष्कळदा धूर शुद्ध करणारं यंत्र असतं. त्याच्यावर तापमानाचे सेन्सर, दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या किंवा युरियाचा इंजेक्टर दिसला, तर तो सायलेन्सर म्हणून बदलायचा नाही आणि कापायचा तर नाहीच. तसं केल्यास ट्रक प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि इंजिनाचा कॉम्प्युटर त्याची ताकदही कमी करू शकतो.

मापात घोळ होतो तो आतल्या आणि बाहेरच्या व्यासाचा. पाइपचा बाहेरचा व्यास तीन इंच असेल, तर त्याच्यावर चढणाऱ्या सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास तीन इंच हवा. दोन्हीकडे नुसतं ‘तीन इंच’ सांगितलं की दोन तोंडं एकमेकांना टेकून उभी राहतात.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं आणि गाडी खालून आधार देणाऱ्या पक्क्या स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. डब्यावर बाण असेल तर तो धूर जातो त्या दिशेला. कप्प्यांच्या डब्यात उलटसुलट केलं तर आवाज आणि दाब दोन्ही बिघडतात. आधी सगळं सैल जोडायचं, हँगरच्या रबरांवर डबा मोकळा लटकू द्यायचा, चासी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगपासून अंतर पाहायचं, मगच इंजिनाच्या बाजूकडून क्लॅम्प आवळत मागे यायचं. इथे घाई केली की डबा ताणात बसतो आणि काही दिवसांत हँगर तुटतो. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंग वेल्डजवळच लावा, नाहीतर कॉम्प्युटर जायची भीती.

मग उघड्या जागेत इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा, पाइप तापायच्या आत. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. पहिल्या लांब फेरीनंतर थंड झालेल्या गाडीचे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळायचे, कारण तापून-निवून ते थोडे ढिले होतात.