बारा बोअरच्या दुनळीचा परवाना: क्ले शूटिंगसाठी अर्ज कसा करायचा

क्ले शूटिंगच्या, म्हणजे यंत्रातून उडवलेल्या मातीच्या चकत्या बंदुकीने फोडण्याच्या खेळाच्या, मैदानावर चार-सहा रविवार काढले की बहुतेकांना स्वतःची बंदूक हवीशी वाटू लागते. हवी असते ती ओव्हर-अंडर, म्हणजे एका नळीखाली दुसरी नळी असलेली दुनळी, आणि तीही खिशाला झेपणारी. मग चौकशा सुरू होतात. नळी अठ्ठावीस इंची घ्यावी की तीस? जुनी चालेल का? परदेशी मिळेल का? विसार देऊन सौदा पक्का करायचा आणि मग परवान्यासाठी धावपळ करायची, अशी माणसं मी पाहिली आहेत. परवाना रखडला की विसारही अडकतो. म्हणून आधी परवाना, मग बंदूक. या लेखातही तोच क्रम ठेवला आहे.

त्याआधी शिकारीचा विषय मिटवून टाकू, कारण अर्जातली सर्वांत महागात पडणारी चूक तिथेच होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्यांची शिकार करायला बंदी आहे. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती सोय कायद्यातूनच गेली. रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासधूस करत असतील तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. पण ती परवानगी त्या प्रसंगापुरती असते, शस्त्र परवान्याबरोबर ती आपोआप येत नाही. तेव्हा अर्जात ‘शिकारीची हौस’ असे लिहू नका. तोंडी चौकशीतही बोलू नका. आजोबा शिकारी होते हे अभिमानाने सांगणाऱ्या एका उमेदवाराला पोलीस ठाण्यात तासभर भलत्याच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली होती.

अर्जात लिहायचे कारण म्हणजे खेळ. आणि इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३(३) मध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा मोठी रायफल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. मात्र भारतीय नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक मागितली, तर कलम १४ मधली नकाराची कारणे लागू नसताना परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. क्ले शूटिंगची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) याच वर्गात मोडते. तिच्या नळीला रायफलसारखे आटे नसतात, आणि ट्रॅप-स्कीटच्या, म्हणजे क्ले शूटिंगच्या दोन प्रकारांच्या, नळ्या साधारण अठ्ठावीस ते बत्तीस इंचांच्या असतात, त्यामुळे वीस इंचांची अट सहज पुरी होते. आपला अर्ज कोणत्या पोटकलमाखाली येतो हे अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत नम्रपणे लिहावे. मी तरी तसेच सुचवतो. कारकुनाला कायदा शिकवल्यासारखे वाटू देऊ नका, एवढेच.

अर्ज कोण करू शकतो

वय २१ पूर्ण हवे. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र देण्याचा आदेश चालू असेल, किंवा मानसिक स्थितीबद्दल कायद्याने अपात्रता असेल, तर परवाना मिळत नाही. फक्त गुन्हा दाखल झालेला असेल तर नकार मिळेलच असे नाही, पण ती गोष्ट लपवली तर मात्र नकार जवळजवळ ठरलेला. शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या भांडणाचा दहा वर्षांपूर्वीचा अदखलपात्र गुन्हाही अर्जात लिहा आणि त्याचे पुढे काय झाले याचा कागद जोडा. पोलिसांच्या नोंदीत तो सापडणारच आहे.

मालमत्ता कमी आहे म्हणून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४(२) स्पष्ट सांगते. सातबारा नसलेल्या भाड्याच्या घरातल्या माणसानेही संकोच करायचे कारण नाही.

२१ पेक्षा लहान असलेल्या मुलामुलींना स्वतःच्या नावावर बंदूक घेता येत नाही, पण ठरलेल्या वयानंतर आणि अटींवर प्रशिक्षणात वापरता येते. त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त क्लब हाच मार्ग. खरे तर मोठ्यांसाठीही सुरुवात तिथूनच व्हावी. क्लबच्या बंदुकीवर वर्षभर सराव करा, जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत उतरा. गुण कमी पडले तरी हरकत नाही, सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, आणि ‘खेळासाठी’ या शब्दाला पुरावा लागतो तो हाच. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ ची. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचेही पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा टप्पा आहे. महाराष्ट्रात राज्य पातळीवरचे काम महाराष्ट्र रायफल असोसिएशन पाहते.

कागदपत्रे

शस्त्र नियम २०१६ मध्ये आले आणि १९६२ चे जुने नियम गेले. त्यामुळे ‘माझ्या काकांनी असा अर्ज केला होता’ हा सल्ला आता चालत नाही. व्यक्तीसाठीचा अर्ज नमुना ए-१ मध्ये, ‘एनडाल-आलिस’ या केंद्रीय पोर्टलवर भरायचा. भरून झाला की छापील प्रत काढून, सही करून, कागदपत्रांसह परवाना प्राधिकाऱ्याच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायची. पोलीस आयुक्तालय असलेल्या मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा शहरांत हा प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी. शहराच्या हद्दीवर राहणाऱ्यांनी आपले पोलीस ठाणे आयुक्तालयात येते की ग्रामीण अधीक्षकांकडे, हे आधी विचारून घ्यावे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज परत यायला महिने लागतात.

सोबत लागते ती पांढऱ्या पार्श्वभूमीवरची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, जन्मतारखेचा पुरावा, आधार (ते नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि दुसरे ओळखपत्र), आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. पत्त्याच्या बाबतीत जरा थांबा. आधारवर ‘फ्लॅट ४’, वीजबिलावर ‘ब्लॉक नं. ४, दुसरा मजला’ आणि भाडेकरारात सोसायटीचे जुने नाव, असा घोळ माझ्याच अर्जात होता. तीन पत्ते पाहून चौकशीला आलेला हवालदार तीन वेगवेगळी घरं शोधत होता. अर्जापूर्वी सगळ्या कागदांवर पत्ता एकसारखा करून घ्या. याला खर्च लागत नाही, आणि यातच सर्वांत जास्त वेळ वाचतो.

दुसरा महत्त्वाचा कागद वैद्यकीय प्रमाणपत्राचा, नमुना एस-३. यात शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्याबद्दल आणि दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन नसल्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट लिहायचे असते. नेहमीच्या ‘फिट’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर काम भागत नाही. छापील नमुना सोबत घेऊन जा. काही कार्यालये जिल्हा शल्यचिकित्सकांचेच प्रमाणपत्र मागतात, म्हणून आधी विचारा.

तिसरा कागद शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा, नमुना एस-१. बंदूक हाताळणे, वाहून नेणे, चालवण्याचे मूलभूत तंत्र, निगा आणि घरात ठेवणे, एवढे या अभ्यासक्रमात येते. क्लबात नियमित जाणाऱ्याला यात नवीन फारसे काही नसते, तरीही प्रमाणपत्र लागतेच. बंदूक घरी कशी ठेवणार याचे हमीपत्रही द्यावे लागते. कुलूपबंद पोलादी कपाट भिंतीला पक्के केलेले असेल, तर त्याचे छायाचित्र जोडा. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवत असाल तर तेही लिहा.

याशिवाय क्लबचे सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि नोकरी-व्यवसायाचा कागद. प्राप्तिकर विवरणपत्रे अनेक ठिकाणी मागतात. असतील तर द्या, नसतील तर वर सांगितलेले कलम १४(२) लक्षात ठेवा.

चौकशी आणि निर्णय

अर्ज दाखल झाला की तो स्थानिक पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. नियमांप्रमाणे अहवाल ३० दिवसांत यायला हवा, आणि तो आल्यावर परवाना प्राधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अहवाल वेळेत आला नाही तर प्राधिकाऱ्याला योग्य वाटल्यास अहवालाविना निर्णय देण्याची मुभा कलम १३ मध्ये आहे. प्रत्यक्षात तसे करायला सहसा कोणी धजावत नाही. अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि पोर्टलवरचा क्रमांक जपून ठेवा, आणि महिना उलटल्यावर लेखी विचारणा करा. कार्यालयात फेऱ्या मारण्यापेक्षा एका स्मरणपत्राचा उपयोग जास्त होतो.

चौकशीत शेजारी, पोलीस पाटील किंवा सोसायटीचे पदाधिकारी यांना विचारले जाते. ‘याला बंदूक कशाला हवी?’ या प्रश्नावर शेजाऱ्याने खांदे उडवले तर ते बरे दिसत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की आपण मातीच्या चकत्या फोडतो. हो, अक्षरशः तेवढेच. सुमारे ११० मिलिमीटर रुंद आणि १०५ ग्रॅम वजनाची चकती यंत्रातून उडते आणि ती जमिनीवर पडायच्या आत फोडायची. ऐकणाऱ्याला हसू येते आणि भीती जाते.

नकार आलाच तर कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. आपण मागणी केली की त्यांचे थोडक्यात विवरण द्यावे लागते, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेव्हाच ते रोखता येते. ही मागणी जरूर करा. कलम १८ खाली अपील करता येते, त्याची मुदत ३० दिवसांची. अपील रागाने लिहू नका, नोंदवलेल्या प्रत्येक कारणाला कागद दाखवून उत्तर द्या.

आता बंदूक

परवाना हातात आला की त्यावरचा युनिक क्रमांक, शस्त्राचा प्रकार, काडतुसांची संख्या, क्षेत्र आणि खरेदीची मुदत तपासा. क्षेत्र फक्त जिल्ह्यापुरते लिहिले असेल आणि स्पर्धा दुसऱ्या राज्यात असतील, तर तेव्हाच दुरुस्ती मागा.

स्वस्त ओव्हर-अंडर हा भारतात जरा करुण विषय आहे. सामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही. ती सवलत ठरावीक पात्रता गाठलेल्या नामांकित नेमबाजांना असते. त्यामुळे आयातबंदीच्या आधीच्या परदेशी दुनळ्या हातोहात फिरत राहतात आणि त्यांची किंमत गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेवर ठरते. देशी दुनळ्या बऱ्याच स्वस्त, पण त्यात शेजारी-शेजारी नळ्यांच्याच जास्त. ओव्हर-अंडरचा फायदा असा की डोळ्यासमोर एकच अरुंद रेघ राहते आणि उडत्या चकतीमागे नजर सरळ जाते. तरी सुरुवात शेजारी-शेजारी नळ्यांवर केली म्हणून काही बिघडत नाही, माझे मत विचाराल तर.

जुनी बंदूक खासगी परवानाधारकाकडून घेता येते. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे, असे कलम ५ सांगते. हे दिवस वाया घालवू नका. बंदूकसाजाकडून नळ्यांच्या आतला गंज, पोचे, नळी दस्त्याला जिथे जोडली जाते तिथली ढिलाई आणि दोन्ही चाप तपासून घ्या. बंद केलेली बंदूक हलवल्यावर खुळखुळत असेल, तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. बंदुकीवरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अंकन् अंक जुळला पाहिजे.

सर्वांत स्वस्त बंदूक कदाचित घरातच असेल. परवानाधारक वारला, किंवा त्याने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर पात्र वारसाला किंवा कुटुंबातल्या त्याने सुचवलेल्या व्यक्तीला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो. त्या व्यक्तीलाही वरची सगळी कागदपत्रे आणि चौकशी चुकत नाही. वडील गेल्यावर बंदूक माळ्यावर तशीच पडून राहिली असेल तर मात्र आजच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि ‘वडिलांची आठवण’ हा त्यावरचा बचाव नाही.

त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. नामांकित नेमबाजांना वेगळी सूट आहे. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी निदान ६० दिवस द्या. पत्ता बदलला तर कळवा. खरेदीनंतर बंदूक कार्यालयात दाखवून परवान्यावर नोंद करून घ्यायची असते, ती राहून गेली तर पहिल्याच नूतनीकरणाला अडचण येते.

निवडणुका लागल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. खेळाडूंनी स्पर्धेचे वेळापत्रक आणि असोसिएशनचे पत्र जोडून सूट मागावी, आणि निर्णय येईपर्यंत आदेश पाळावा. वरातीत किंवा गणपतीत ‘एक बार काढ की’ म्हणणारे मित्रही भेटतील. आनंदाच्या भरात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे त्यांना हसत सांगा आणि कपाटाची किल्ली खिशातच राहू द्या.