सोंगटीचा हिशोब वेगळा, क्यूबचा वेगळा (आणि डबल दिला म्हणजे सोडायचा असं नसतंय)

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा दर रविवारी बॅकगॅमनचा बोर्ड पडतो (दोघांनी दोन फासे टाकत आपापल्या सोंगट्या फिरवून बोर्डाबाहेर काढायच्या, ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला). हरलेल्या पॉईंटमागं एक प्लेट मिसळ, एवढाच व्यवहार. आणि दर रविवारी मी एकच गोष्ट समजावून सांगतो, घसा कोरडा पडतो, पुढच्या रविवारी परत तेच. म्हणून आता एकदाच लिहून काढतोय, इथून पुढं कुणी विचारलं की हे पाठवून देणार.

घोळ असा आहे की डाव संपला की लोक तो चुका काढायला ग्नू बॅकगॅमन ह्या प्रोग्राममध्ये टाकतात, आणि मग सोंगटीच्या चुका आणि क्यूबच्या, म्हणजे दावा दुप्पट करायच्या ठोकळीच्या, चुका एकाच पोत्यात भरून "आज लई चुका झाल्या" म्हणून मोकळे होतात. अरे त्या प्रोग्रामनं दोन्हीचा हिशोब वेगवेगळा मांडलाय, तो काय उगाच?

सोंगटीचं तुम्हाला येतंय, त्यामुळं पटकन सांगतो. फासे पडले, दोन-चार चाली दिसतायत, त्यातली कुठली बरी एवढंच ठरवायचं. तुम्ही ४० टक्के जिंकताय का ७०, हे माहीत नसलं तरी चालतंय. सुरुवातीला ४-१ पडले की पूर्वी लोक १३ वरनं ९ वर यायचे (आकडा म्हणजे बाहेर पडायच्या बाजूनं कितवं घर) आणि ६ वरची एक ५ वर उघडी, म्हणजे एकटी, ठेवायचे. मग १९९० च्या दशकात आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरोंचा टीडी-गॅमन हा प्रोग्राम स्वतःशीच खेळून शिकला आणि त्याच्या नादानं माणसंपण ५ वर उघडी ठेवायच्या ऐवजी मागची २४ वरनं २३ वर सरकवायला लागली. पण हिशोब काय, ही बरी का ती बरी. भाजी निवडल्यासारखं.

क्यूबला तसं चालत नाही. क्यूब फिरवून डबल द्यायचा म्हणजे दावा दुप्पट करूया म्हणायचं, समोरच्यानं घेतला तर खेळ दुप्पट दाव्यावर पुढं, सोडला तर तो डाव तिथंच आत्ताच्या दाव्याला हरला. ही २ ते ६४ आकड्यांची ठोकळी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये खेळात आली, आणि तिथं नुसतं कोण पुढं आहे हे कळून भागत नाही, किती पुढं आहे तो आकडा लागतो. (जाता जाता, फाशावर ४-४ आले की त्यालापण डबल आणि क्यूब फिरवला की त्यालापण डबल म्हणतात, त्यावरनं भांडू नका, वाक्यावरनं कळतंय कुठला ते.)

आता खरी मेख. डबल द्यायचा का, आणि समोरच्यानं दिला तर घ्यायचा का, हे दोन प्रश्न आहेत. एकाच प्रश्नाची दोन टोकं नव्हेत. आमच्यातले निम्मे गडी असं धरून चालतात की डबल देणं बरोबर असेल तर सोडणंपण बरोबरच. इथंच सगळी मिसळ जाते.

परवाचंच बघा. माझ्या दोनच सोंगट्या राहिल्या होत्या, एक ५ वर, एक २ वर. समोरच्याची एकच, १ वर, म्हणजे माझं ह्या फाशात जमलं नाही तर तो नक्की जिंकणार. क्यूब मध्येच पडलेला. मी डबल दिला. गड्यानं बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, "तू पुढं हायस की भावा, कशाला घेऊ" म्हणाला आणि सोंगट्या आवरायला लागला.

आता मोजा. दोन फाशांच्या ३६ जोड्या. एकावर ५ किंवा ६ आणि दुसऱ्यावर किमान २, अशा डबल सोडून १४. वर २-२ पासून ६-६ पर्यंतचे पाच डबल. झाले १९. म्हणजे मी १९ वेळा जिंकतो, तो १७ वेळा. जवळजवळ निम्म्यात निम्मं, आणि हा पठ्ठ्या सोडतोय!

घेण्याचा हिशोब मिसळीत करा, लगेच डोक्यात बसतो. सोडला तर एक प्लेट नक्की गेली, चार वेळा सोडला तर चार प्लेट. घेतला तर दावा दोन प्लेटचा. चारातनं तीनदा हरलात, सहा गेल्या, एकदा जिंकलात, दोन आल्या, निव्वळ चारच गेल्या. म्हणजे चारात एकदा जरी जिंकत असाल तरी सोडणं आणि घेणं सारखंच, त्याच्यावर काही असेल तर घ्यायचाच. २५ टक्के. ५० नव्हे. "मी पुढं आहे का" हा प्रश्नच चुकीचा, मागं आहात हे तर ठरलेलंच आहे, म्हणून तर त्यानं डबल दिलाय, प्रश्न एवढाच की एक प्लेट देऊन सुटण्यापेक्षा हे बरं का वाईट.

आणि चुकीचं वजन बघा. मी डबल दिलाच नसता तर माझं नुकसान सरासरी ०.०५६ पॉईंट (१९ वजा १७, भागिले ३६). त्यानं सोडला त्याचं नुकसान ०.८८९ (घेतला असता तर सरासरी ०.१११ च गेला असता, सोडून अख्खा १ घालवला). सोळा पट! तरी विश्लेषणाला बसल्यावर हा गडी अर्धा तास २४ वरची सोंगटी हलवायची का नको ह्यावर घालवणार.

ह्याचा अर्थ सगळंच घ्या असा नाही. माझ्या सोंगट्या ५ आणि १ वर असत्या तर मी २३ वेळा जिंकतो, तुम्हाला १३ राहतात, म्हणजे ३६ टक्के, घ्या. ४ आणि १ वर असत्या तर माझे २९, तुमचे फक्त ७, म्हणजे १९ टक्के, गुमान सोडा. डोळ्याला सगळं सारखंच दिसतंय, म्हणूनच मोजायचं.

आणि देणाऱ्यानंपण ऐका. १९-१७ वर मी दिला कारण तो शेवटचा फासा होता. मधल्या डावात एवढ्यावर देऊ नका. क्यूब त्याच्या हातात गेला की पुढचा डबल फक्त तोच देऊ शकतो, ती ताकद तुम्ही फुकट दिलीत. नुसती लांबची शर्यत असेल तर ८-९-१२ चा नियम मला आवडतो, तुमचे १०० पिप (सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला चालायची एकूण घरं) राहिलेत आणि त्याचे १०८ तर डबल द्या, क्यूब तुमच्याकडंच असेल तर १०९ ला, आणि त्यानं ११२ पर्यंत घ्यावा. १०८ ते ११२ ह्या पट्ट्यात देणंपण बरोबर आणि घेणंपण बरोबर, हेच तर मी कधीपासून ओरडतोय. बॅकगॅमनचे नावाजलेले खेळाडू किट वूल्सी, त्यांचा नियमपण ह्यातूनच कळतो, समोरच्यानं घ्यावा का सोडावा ह्याची तुम्हाला खात्री नसेल तर डबल द्या. दोन प्रश्न वेगळे धरल्याशिवाय हे वाक्य उलटंच वाटतंय.

गॅमनची (एकही सोंगटी बाहेर न काढता हरायची, त्यात दुप्पट जातात) भीती असली की २५ पुरत नाहीत, मॅचमध्ये स्कोअरप्रमाणं आकडा हलतो, ते परत कधीतरी.

तर हे सगळं त्या गड्याला कागदावर काढून दिलं. आता तो सगळंच घ्यायला लागलाय. ह्या रविवारी माझ्या ४ आणि १ वर होत्या, सात फासे सोडले तर सगळे माझे, तरी साहेबांनी घेतला. मी फासे टाकले, ३-२. दोन मिसळ, वर एक्स्ट्रा ब्रेडचे पैसेपण मीच दिले, आणि कट ओतून घेता घेता तो मला सांगतोय, "बघ, तूच म्हणालास घ्यायचा असतोय."