श्रद्धेचा विषय निघाला की आवाज का चढतो?

'विजेचा दिवा एडिसनने शोधला' ही समजूत अर्धवट आहे. त्याच्या सत्तरएक वर्षे आधी इंग्लंडचे शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी विजेपासून प्रकाश काढून दाखवला होता. हे कोणालाही सांगा. बहुतेक जण 'असं होय? माहीत नव्हतं' म्हणतात आणि गप्पा पुढे सरकतात. त्याच माणसाला तितक्याच शांतपणे म्हणा, 'तुमच्या धर्मग्रंथातला अमुक प्रसंग प्रत्यक्ष घडल्याचा पुरावा मिळत नाही.' आता चेहरा आखडतो, बोलण्याचा वेग वाढतो आणि उत्तर प्रश्नाला न मिळता प्रश्नकर्त्याला मिळते: 'तुम्हाला खोट फक्त आमच्याच धर्मात दिसते का?'

एडिसनचे उदाहरण मुद्दाम घेतले. जोनास कॅप्लन, सॅरा गिंबेल आणि सॅम हॅरिस यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते होते. ठाम उदारमतवादी राजकीय मते असलेल्या ४० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना पटणारी १६ विधाने दाखवली गेली, आठ राजकीय आणि आठ राजकारणाशी संबंध नसलेली. प्रत्येक विधानापाठोपाठ ते खोडून काढणारे पाच मुद्दे, आणि मग १ ते ७ या पट्टीवर पुन्हा तोच प्रश्न: हे आता कितपत पटते? एडिसनसारख्या विधानांवरचा विश्वास चांगलाच उतरला. राजकीय मते जेमतेम हलली.

राजकीय मतांवर प्रश्न येत असताना मेंदूतले डीफॉल्ट मोड नेटवर्क जास्त सक्रिय दिसले. माणूस बाहेरच्या जगातून लक्ष काढून स्वतःविषयी विचार करू लागतो तेव्हा हेच जाळे कामाला लागते. ज्यांची मते सर्वांत कमी बदलली, त्यांच्यात अमिग्डाला आणि इन्सुला हे भावनांशी निगडित भाग अधिक सक्रिय होते. प्रयोग राजकीय मतांचा होता, धार्मिक नव्हे, आणि सहभागी एकाच विचारसरणीचे होते. म्हणून तो श्रद्धेला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय 'अमिग्डाला पेटला म्हणून माणूस चिडला' असे सरसकट लिहिणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेले बरे. तो भाग नव्या, अनपेक्षित, अगदी आनंदाच्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. प्रयोगातून घ्यायचे ते एवढेच की काही मते डोक्यात माहिती म्हणून साठवलेली असतात, तर काही 'मी कोण' या प्रश्नाच्या उत्तरात मिसळून गेलेली असतात. दुसऱ्या प्रकारच्या मतावर बोट ठेवले की ते बोट माणसावरच पडते.

धार्मिक श्रद्धेत याच्या जोडीला आणखी एक गुंता आहे. लॅरिसा हायफेट्झ, एलिझाबेथ स्पेल्की, पॉल हॅरिस आणि महझरीन बानाजी यांनी पाच ते दहा वर्षांची मुले आणि प्रौढ यांना मतभेदांची उदाहरणे दिली. दोघांचे म्हणणे वेगळे असेल तर दोघेही बरोबर असू शकतात, की एकच? वस्तुस्थितीच्या बाबतीत उत्तर यायचे 'एकच'. आवडीनिवडीच्या बाबतीत 'दोघेही'. धार्मिक मतांची उत्तरे या दोन्हींच्या मधोमध पडली, आणि तीही अगदी लहान वयापासून. म्हणजे श्रद्धेचे वाक्य व्याकरणाने वस्तुस्थितीसारखे दिसते, पण मनात ते पूर्णपणे त्या खणात बसलेले नसते. 'देव प्रार्थना ऐकतो' हे वाक्य घ्या. विचारणारा ते तपासण्याजोगे विधान म्हणून हातात घेतो. म्हणणाऱ्यासाठी त्यात आईने शिकवलेली प्रार्थना, आजारपणात मिळालेला धीर, आपल्या माणसांशी असलेले नाते आणि जगण्याची एक रीत असे बरेच काही गुंतलेले असते. दोघे एकाच वाक्यावर बोलत असतात, पण एकाच गोष्टीवर नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हिशेबाचा आहे. वादात दोन्ही बाजूंची जोखीम सारखी नसते. 'कदाचित तुमचं बरोबर असेल' हे श्रद्धावान माणसाने भर बैठकीत म्हटले तर त्याला काय मोजावे लागेल? लग्न कोणत्या समाजात होणार, मुलांना कोण आपले म्हणणार, अडचणीत कोण धावून येणार, अंत्यसंस्काराला कोण उभे राहणार, हे सगळे अनेकांच्या आयुष्यात धर्माच्या समूहाशी जोडलेले असते. विचारणाऱ्याला मात्र हरल्यावर फक्त एक वाद हरल्याचे दुःख. रिचर्ड सॉसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी २००३ साली एकोणिसाव्या शतकातल्या ८३ अमेरिकी वसाहतींचा अभ्यास मांडला. एकत्र राहण्यासाठी स्थापन झालेल्या या वसाहतींपैकी धार्मिक वसाहती जास्त टिकल्या, आणि त्यांच्यातही ज्यांनी सदस्यांवर आहार, पेहराव, मालमत्ता यांबाबत जास्त बंधने घातली त्या अधिक काळ टिकल्या. निधर्मी वसाहतींत बंधनांचा असा फायदा दिसला नाही. अवघड नियम पाळणारा माणूस इतरांना 'मी अर्ध्यावर सोडून जाणार नाही' हे दाखवून देत असतो. श्रद्धेवर जाहीरपणे शंका घेणे म्हणजे ही हमी मागे घेण्यासारखे. मग तो माणूस बचावाचा पवित्रा घेतो यात तर्काचा अभाव नाही. त्याच्या बाजूने पाहिले तर तो हिशेब पक्का आहे.

श्रोते बदलले की हा हिशेब बदलतो. एकट्याने बोलताना 'मलाही कधी कधी शंका येते' म्हणणारा माणूस नातेवाइकांसमोर ठाम होतो. डॅनियल बॅटसन यांच्या १९७५ सालच्या प्रयोगात चर्चशी संलग्न युवा कार्यक्रमातल्या ५० शाळकरी मुली होत्या. येशूच्या ईश्वरत्वावर आपला विश्वास आहे की नाही हे त्यांनी आधी सर्वांसमोर जाहीर केले. मग त्यांना त्या श्रद्धेचा पायाच खोटा ठरवणारा एक बनावट मजकूर वाचायला दिला. बहुतेक श्रद्धाळू मुलींनी तो खरा मानलाच नाही, आणि त्यांची श्रद्धा वाढली नाही. ज्या थोड्या जणींना मजकूर खरा वाटला, त्यांची श्रद्धा मात्र आधीपेक्षा तीव्र झाली. जाहीर केलेले शब्द मागे घेता येत नाहीत आणि समोरचा पुरावाही नाकारता येत नाही, अशा कोंडीतून एकच वाट उरली.

या प्रयोगावरून 'पुरावा दिला की माणूस आणखी हट्टी होतो' असा नियम काढणाऱ्यांची कमी नाही. तो काढू नये. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी २०१९ साली दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ मुद्द्यांवर ही उलटी प्रतिक्रिया शोधली. ती जवळपास कुठेच सापडली नाही. ते मुद्दे राजकीय होते, हे खरे. तरीही बॅटसन यांचा परिणाम मोजक्या मुलींवर उभा आहे आणि त्याला जाहीर कबुलीची अट आहे, हे विसरता कामा नये. साधारणपणे माणूस दुरुस्त केलेली माहिती स्वीकारतो आणि आपली बाजू मात्र सोडत नाही. मृत्यूची आठवण करून दिली की लोक आपल्या संस्कृतीच्या धारणांना, त्यात धर्मालाही, अधिक घट्ट धरतात, हा सिद्धांतही अनेक वर्षे गाजला. त्यातला एक मूळ प्रयोग बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. तूर्त त्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

पवित्र मानलेल्या गोष्टीची किंमत ठरवू पाहणे हे याहून वेगळे प्रकरण आहे. जेरेमी गिंजेस, स्कॉट अट्रान आणि सहकाऱ्यांनी इस्रायली वसाहतवाले आणि पॅलेस्टिनी यांच्यात केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पवित्र मूल्यावर तडजोड करण्याच्या बदल्यात पैशाचा लाभ देऊ केला, तेव्हा त्या मूल्यांना चिकटून असलेल्यांचा संताप वाढला. समोरच्या बाजूनेही आपल्या एखाद्या पवित्र दाव्यावर प्रतीकात्मक माघार घेतली, तेव्हा तो उतरला. 'तेवढा उपास सोडलास तर काय बिघडेल?' हा प्रश्न विचारणाऱ्याला व्यवहारी वाटतो. ऐकणाऱ्याला तो सौदा वाटतो.

संभाषण बिघडू लागल्याच्या खुणा बऱ्याच आधी दिसतात. 'मी' जाऊन 'आम्ही' येते. उत्तराऐवजी दुसऱ्या धर्माचे किंवा नास्तिकांचे दोष पुढे येतात. 'तुम्हाला ते कळणार नाही' हे वाक्य येते. नेमकी इथेच चूक होते: विचारणाऱ्याला वाटते मुद्दा पोचला नाही, म्हणून तो आणखी दोन पुरावे टाकतो. समोरच्याला ते घेरल्यासारखे वाटते. जॅक ब्रेम यांनी १९६६ साली मांडलेली प्रतिरोधाची कल्पना हीच आहे. निवडीचे स्वातंत्र्य हिरावले जातेय असे वाटले की माणूस आधी ते स्वातंत्र्य वाचवतो, मुद्दा नंतर बघतो. दारू सोडवण्याच्या समुपदेशनात विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांना १९९३ साली असेच दिसले. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितका रुग्णाचा विरोध वाढला, आणि वर्षभरानंतर त्याचे पिणेही जास्त आढळले.

शब्दांचाही अभ्यास झाला आहे. मायकेल योमन्स, ज्युलिया मिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली मतभेदांतली भाषा तपासली. 'मला असं समजलं की तुम्ही म्हणताय...', 'इथवर आपलं जमतं', 'काही वेळा', 'बहुधा' अशा बोलण्याने समोरचा मोकळा राहतो. 'नाही', 'तसं नसतं' अशा नकारांनी तो मिटतो. गंमत म्हणजे 'कारण' आणि 'म्हणून' हे शब्दही त्याच रांगेत निघाले. वाद घालणाऱ्याला ज्याचा अभिमान असतो तो तर्काचा सांगाडाच ऐकणाऱ्याला शिकवणी वाटतो. विकिपीडियाच्या संपादकांमधल्या चर्चांतही मोकळ्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला वैयक्तिक हल्ले कमी आले.

तेव्हा खरोखर समजून घ्यायचे असेल तर प्रेक्षक नकोत, दोघेच असावेत. 'तुम्ही हे का मानता?' याने समर्थन मागितले जाते. 'हे तुमच्या रोजच्या जगण्यात कसं येतं?' याने वर्णन. समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडून 'बरोबर सांगितलं का?' असे विचारावे, आणि 'हो' आल्याशिवाय आपले मत काढू नये. पहिल्या खेपेला 'हो' क्वचितच येते, कारण मांडताना आपण नकळत ते म्हणणे थोडे लंगडे करतो. माहिती द्यायची तर परवानगी घेऊन एकच गोष्ट द्यावी आणि थांबावे. आणि हे सगळे मन वळवण्याची युक्ती म्हणून केले तर ते लगेच ओळखू येते. ज्यांच्या समूहाने टिंगल किंवा छळ सोसला आहे, त्यांचे कान अशा प्रश्नांना तयार असतात. त्यांचे सावध होणे अनेकदा परिस्थितीचे अचूक वाचन असते. नास्तिकांचेही वेगळे नाही. 'मग तुमच्या नीतीला आधार कशाचा?' असे विचारून पाहा, तोच चेहरा आणि तोच वेग दिसतो.

काही ठिकाणी मात्र वाट पाहायला वेळ नसतो. 'यहोवाचे साक्षीदार' या, रक्त घेणे निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातली व्यक्ती शस्त्रक्रियेआधी रक्त घ्यायला नकार देते तेव्हा श्रद्धेवर वाद घालून काहीच साधत नाही. जाणकार डॉक्टर प्रश्न कृतीवर आणतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा यांना पंथाची मनाई आहे. पण अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन यांसारखी रक्तातून वेगळी काढलेली प्रथिने, रक्त गोठवणारे घटक, तसेच शस्त्रक्रियेत वाहिलेले स्वतःचेच रक्त गोळा करून परत देणे, हे निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहेत. म्हणून यादी घेऊन एकेका गोष्टीला 'चालेल' की 'चालणार नाही' असे विचारले जाते आणि उत्तर लेखी नोंदवले जाते. त्या वेळी खोलीत नातेवाईक किंवा पंथातले कोणी नसेल याची आधी खात्री केली जाते.