उष्णता किती आणि किती वेगाने: स्केल-अपमधली एक नेहमीची गल्लत

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखान्यांत नवी प्रक्रिया प्रयोगशाळेतून प्लांटवर नेताना 'ही रिॲक्शन फारशी गरम नाही' हे वाक्य हमखास कानी पडते. ते म्हणणाऱ्याने बहुधा एक लिटरच्या फ्लास्कमधील थर्मामीटर पाहिलेला असतो आणि तेथे तापमान दोन-तीन अंशच चढलेले असते. परंतु रिॲक्शनमधून एकूण किती उष्णता सुटते आणि ती किती वेगाने सुटते, हे दोन वेगळे प्रश्न असून फ्लास्क त्यांपैकी एकाचेही धड उत्तर देत नाही.

दर किलो मालामागे सुटणारी एकूण उष्णता भांड्याच्या आकाराने बदलत नाही. प्रति मोल १०० किलोज्यूल उष्णता सोडणारी रिॲक्शन एक किलो मिश्रणात दोन मोल इतकी झाली, तर २०० किलोज्यूल सुटतात. सेंद्रिय द्रावकाची विशिष्ट उष्णता साधारण २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर थंड करण्याची सोय मुळीच नसताना तापमान १०० अंशांनी चढेल. हेच द्रावण पाण्यात असेल, तर चढ निम्म्याहूनही कमी, सुमारे ४८ अंश होतो.

वेगाचे गणित मात्र भांड्यावर अवलंबून असते. एक लिटरवरून ५,००० लिटरवर जाताना आकारमानाच्या तुलनेत पृष्ठफळ सुमारे १७ पटींनी घटते. रिॲक्टरमध्ये असाच ४,००० किलो माल आहे, म्हणजे एकूण ८०० मेगाज्यूल उष्णता काढायची आहे, असे समजू. जॅकेटचे, म्हणजे रिॲक्टरभोवतीच्या ज्या कवचातून थंड पाणी फिरते त्याचे, क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, उष्णता वहनाचा गुणांक ३०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश, माल ५० अंशांवर आणि जॅकेटमध्ये कूलिंग टॉवरचे ३० अंशांचे पाणी, असे धरले तर फार तर ७२ किलोवॅट उष्णता निघते. एका तासात ॲडिशन (रिॲक्ट होणारा दुसरा घटक रिॲक्टरमध्ये सोडणे) उरकून माल लगेच रिॲक्ट झाला, तर मात्र सुमारे २२२ किलोवॅट सुटतात. ॲडिशन चार तासांवर नेले की हा आकडा ५६ वर येतो. आपल्याकडच्या दमट हवेत टॉवरचे पाणी फारसे गार होत नाही, त्यामुळे डिसेंबरात निर्धास्त चाललेली बॅच जूनमध्ये रडवते, हे येथील प्रत्येक शिफ्ट इन्चार्जला ठाऊक आहे.

येथपर्यंत वाचून 'मग सावकाश ॲडिशन केले की झाले' असे वाटेल, आणि खरी फसगत येथेच होते. रबाळ्याच्या एका कारखान्यात माझ्या रात्रपाळीत वीज गेली. ॲजिटेटर (माल ढवळणारा पंखा) थांबला, पण वरच्या टाकीतून ॲडिशन उताराने चालूच राहिले. तापमान हळूहळू उतरत होते, म्हणून कोणालाच काळजी वाटली नाही. वास्तविक जड द्रव तळाशी थर करून बसला होता आणि रिॲक्ट न झालेला माल साठत होता. वीज येताच ॲजिटेटर सुरू केला, आणि काही मिनिटांत माल उकळून कॅच-पॉटमध्ये, म्हणजे उतू गेलेला माल झेलणाऱ्या भांड्यात, आला. त्या रात्रीचा चार्ट पाहिला, तर वीज येईपर्यंत रेघ अगदी शांत दिसते.

रिॲक्टर नको तितका थंड ठेवल्यासही हेच घडते: रिॲक्शन मंदावते, माल साठतो. एकदा तापमान चढू लागले की दर १० अंशांना वेग ढोबळपणे दुप्पट होतो, तर जॅकेटची क्षमता तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे एका मर्यादेपुढे जॅकेट मागेच पडते. अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी थंड करण्याची व्यवस्था निकामी झाली आणि स्फोटात चार जण दगावले. ती त्या उत्पादनाची १७५वी बॅच होती. आधीच्या १७४ बॅचेस पार पडल्या, म्हणून आतली एकूण उष्णता कमी झाली नव्हती.

यासाठी रिॲक्शन कॅलरीमीटरकडून (रिॲक्शनची उष्णता मोजणाऱ्या प्रयोगशाळेतील उपकरणाकडून) दोन आकडे स्वतंत्रपणे मागावेत: ॲडिशन चालू असताना दर मिनिटाला सुटणारी उष्णता, आणि कोणत्याही क्षणी ॲडिशन थांबवून कूलिंग बंद पडले, तर साठलेल्या मालामुळे तापमान कोठवर जाईल तो आकडा. दुसरा आकडा द्रावकाच्या उत्कलनबिंदूच्या किंवा माल विघटित होऊ लागण्याच्या तापमानाच्या वर जात असेल, तर ॲजिटेटर थांबताच ॲडिशनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल असा इंटरलॉक बसवल्याशिवाय ती बॅच प्लांटवर घेऊ नये, मग पहिला आकडा कितीही सौम्य असो.