दाबाखालचा ऑक्सिजन आणि घोड्याची नाल

पोटशूळ झालेल्या घोड्याला फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक सर्रास दिले जाते. ते शिरेतून किंवा तोंडावाटे द्यावे. घाईत मानेच्या स्नायूत टोचले, तर सुईच्या जागी थोडा स्नायू मरतो आणि त्या मेलेल्या, रक्त न पोहोचणाऱ्या भागात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढू लागतात. साधारण ६ ते ७२ तासांत मान सुजते, दाबली की कातडीखाली वायू कुरकुरतो, ताप चढतो, घोडा दाणा सोडतो. पुढे तो फार वेगाने खालावतो. पेनिसिलिनचा मोठा डोस सुरू करणे आणि मानेवर खोल चिरा देऊन आत हवा खेळवणे, हे मुख्य उपचार. तिसरा उपचार जोडीला येतो तो दाबाखालच्या ऑक्सिजनचा, म्हणजे घोड्याला बंद कक्षात ठेवून जादा दाबाने शुद्ध ऑक्सिजन देण्याचा, आणि तो सर्वाधिक शोभतो तो अशाच रोगात.

याचे कारण रक्तात आहे. साधी हवा घेणाऱ्या निरोगी घोड्याच्या धमनीतले हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते, त्यात आणखी ऑक्सिजन मावत नाही. मात्र रक्तद्रवात किती ऑक्सिजन विरघळणार, हे दाबावर ठरते. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली विरघळतो. २ वातावरण दाबाखाली, म्हणजे समुद्रात १० मीटर खोल असतो तेवढ्या दाबाखाली, शुद्ध ऑक्सिजन दिला की हेच प्रमाण ४ मिलीच्या पुढे जाते. विश्रांतीत शरीर १०० मिली रक्तातून सुमारे ५ मिली ऑक्सिजन काढून घेते, हे लक्षात घेतले की ४ मिलीचे मोल कळते. ॲमस्टरडॅमचे शल्यचिकित्सक इटे बोरेमा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लाल पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे ३ वातावरण दाबाखाली केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगली होती.

सुजेमुळे केशवाहिन्या दबल्या की लाल पेशी पुढे सरकत नाहीत, पण विरघळलेला ऑक्सिजन रक्तद्रवाबरोबर पुढे जातो आणि वाहिनीबाहेरही लांबवर पसरतो. ऊतीतला त्याचा दाब पाऱ्याच्या २५० मिमीपर्यंत गेला, की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे घातक अल्फा विष तयार होणे थांबते. जिवाणू गिळलेल्या पांढऱ्या पेशींनाही त्यांना मारण्यासाठी ऑक्सिजन लागतोच. शिवाय रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज उतरते. मेलेला स्नायू मात्र यातून जिवंत होत नाही. तो कापूनच काढावा लागतो.

घोडा नाकानेच श्वास घेतो आणि डोक्याला काही बांधले की झटकतो. त्यामुळे माणसांच्या मोठ्या कक्षांत आत साधी हवा आणि तोंडावर मास्क अशी जी सोय असते, ती इथे जमत नाही. सगळा पोलादी कक्षच ऑक्सिजनने भरावा लागतो. नेहमीचा दाब २ ते २.५ वातावरण, वेळ ६० ते ९० मिनिटे. दाब चढवायला आणि उतरवायला प्रत्येकी १० ते २० मिनिटे लागतात. चढवताना घाई केली तर कान दुखतो. घोड्याच्या कानाच्या नळीला दोन्ही बाजूंना हवेच्या मोठ्या पिशव्या जोडलेल्या असतात. त्यांत पू साचला असेल तर दाब समान होत नाही, आणि दुखणारा घोडा डोके उडवू लागतो. म्हणून हलके गुंगीचे औषध देतात. उतरवताना धोका फुप्फुसाचा. छातीच्या पोकळीत हवा शिरलेली असेल तर ती दाब उतरताना फुगते. हा आजार आधी बरा केल्याशिवाय घोड्याला आत घेऊच नये.

खरी भीती आगीची आहे. ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात घोड्याचे केस, गवताची काडी, खुराला लावलेले तेल, व्हॅसलीनचे मलम, सगळे इंधन होते. उरते फक्त ठिणगी. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या ओकालाजवळ एका केंद्रात घोड्याने आत लाथा झाडल्या, भिंतीचे संरक्षक आवरण निघाले, नाल पोलादावर आपटली आणि कक्षाचा स्फोट झाला. कर्मचारी महिला आणि घोडा दोघेही दगावले.

म्हणून नालबंदाला आधी बोलवायचे. नाला काढायच्या, खुराच्या आजारात त्या काढता येत नसतील तर खूर जाड कापडी गादीत पक्के बांधायचे. ॲल्युमिनियमची नाल चालेल असे कोणी म्हणाले तर ऐकू नये, कारण गंजलेल्या पोलादावर आपटली की तीही ठिणगी देते. खरारा करून अंग ओल्या फडक्याने पुसायचे, स्पिरिट किंवा तेल असलेले कोणतेही औषध धुऊन काढायचे, पट्ट्या सुती ठेवायच्या, कृत्रिम धाग्याची झूल काढायची. दाब असताना दार उघडता येत नाही: १ वातावरण जादा दाब म्हणजे दाराच्या दर चौरस मीटरवर १० टनांचा रेटा. घोडा बिथरला तर सावकाश दाब उतरवणे हाच मार्ग. ऑक्सिजनच्या विषबाधेने झटके आले, तर झटके चालू असताना दाब उतरवायचा नाही. श्वास कोंडलेला असतो आणि फुप्फुस फाटते. कक्षात ऑक्सिजनऐवजी हवा सोडायची आणि झटके थांबण्याची वाट पाहायची. त्यामुळे खिडकीशी प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ हवा. तो नसेल तर तो कक्ष वापरूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

अमेरिकेत केंटकी आणि फ्लोरिडाच्या अश्वपट्ट्यांत हे कक्ष रुळले आहेत. खुरातली सूज, जन्मताना गुदमरलेली शिंगरे, चिघळलेल्या जखमा अशा अनेक रोगांत ते वापरले जातात, पण घोड्यांवरचे नियंत्रित प्रयोग थोडे आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी घोड्यांच्या जखमांवर कातडीचे कलम लावून हा उपचार दिला गेला. कलमांना फायदा झाला नाही, उलट दाह वाढलेला दिसला. ज्या ऊतीला ऑक्सिजन पुरेसा मिळतोच आहे तिला तो आणखी देऊन मिळवण्यासारखे फार काही नसते. शर्यतीनंतर ‘ताजेतवाने’ करण्यासाठी धडधाकट घोड्याला कक्षात उभे करणाऱ्यांनी हा निकाल आधी वाचावा.