नळीची शेवटची दोन बोटं

छर्‍यांच्या बंदुकीच्या ‘बारा बोअर’ या नावातला बारा हे नळीचं माप आहे, पण उलटं. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. एका पौंडात अशा जितक्या गोळ्या होतील, तितका बोअर. म्हणून बाराची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची आणि वीस बोअरची त्याहून बारीक, १५.६ची. एकच बंदूक सगळीकडे वापरायची असेल तर बारा बोअर बरी, कारण तिची काडतुसं अगदी हलक्या २४ ग्रॅम छर्‍यांपासून त्याच्या दुपटीपर्यंत मिळतात. फक्त काडतूस बसतं ते नळीचं घर ७० मिलिमीटरचं असेल तर त्यात ७६चं काडतूस कधीही घालू नये.

खरी करामत मात्र नळीच्या तोंडाशी असते. तिथे नळी किंचित आवळलेली असते, तो चोक. हा आवळ केवढा? पाव मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाचे दोन-तीन ताव. तेवढ्यानेही ४० यार्डांवरच्या ३० इंची वर्तुळात अंदाजे निम्मे छर्रे पडतात. चोक नसेल तर चाळीस टक्के. एक मिलिमीटर आवळलं की सत्तर. आटे असलेली चोकनळी बदलता येते, म्हणून तीच बंदूक सकाळी जवळच्या (नेमबाजीसाठी हवेत उडवलेल्या) तबकड्यांना आणि दुपारी लांबच्या तबकड्यांना चालते. अनेकजण घट्ट चोकच्या मोहात पडतात. जवळच्या निशाण्याला तो उलट नडतो, छर्रे पसरायलाच वाव मिळत नाही.

या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण नसते; ते काम डोळा करतो. म्हणून दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा मागचा भाग, अंगाला बसायला हवा. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरचा मणी नळीच्या मधोमध दिसला तर जमलं. नळीचा वरचा भाग जास्तच दिसत असेल तर गाल उंच टेकतोय आणि छर्रे वर जाणार.

एवढं झालं की मैदानावर मोठा कागद लावायचा, एकच काडतूस झाडायचं, सर्वांत दाट ठिकाणाभोवती तेच ३० इंची वर्तुळ काढून भोकं मोजायची. काम कंटाळवाणं, पण चोकवर छापलेल्या नावापेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो. आणि शिशाऐवजी पोलादी छर्रे घेतले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून: पोलाद हलकं, त्यामुळे वेग लवकर गमावतं, पण कडक, त्यामुळे चेपत नाही आणि दाट पडतं. त्याला चोक एक पायरी सैलच लागतो.